भूपेंद्रच्या हेडफोनच्या गाद्या

भूपेंद्र पाच वर्षं लोटन नानांच्या घरात वरच्या मजल्यावर राहिला, पण तो कसा माणूस होता असं कुणी विचारलं तर नानांना ते धड सांगता येत नाही. त्याच्या तेराव्याला नाना शिरपूरजवळच्या त्याच्या गावी गेले होते. मंडपात माणसं कुणा पिंटूबद्दल बोलत होती. पिंटूनं एकदा पुरातली तापी पोहून पार केली होती. पिंटूला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत दिलं की दुसरं काही लागायचं नाही. पिंटू लहानपणी लिंबाच्या झाडावर बसून पाखरांचे आवाज काढायचा. नाना बराच वेळ ऐकत राहिले. त्यांना वाटलं, गावात आणखी कुणी तरी गेलं असेल. शेवटी शेजारच्या माणसानं हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं, तेव्हा पिंटू म्हणजे आपला भूपेंद्रच, हे त्यांच्या ध्यानात आलं.

तापी सोडा, त्याला पोहता येतं हेही नानांना माहीत नव्हतं. ऐन चाळिशीत साध्या तापाचं निमित्त होऊन माणूस चार दिवसांत गेला आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखं नानांजवळ काय होतं, तर त्याच्या हेडफोनच्या गाद्या.

नाना एसटीच्या धुळे आगारात बत्तीस वर्षं मेकॅनिक होते. इंजिनाचा आवाज ओळखणं हे त्यांचं काम. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं बेअरिंग बोलतंय की टॅपेट, ते कळायचं. पण एकट्याच्या कानावर विसंबायचं नाही असा तिथला रिवाज होता. तिथल्या जुन्या मगन मिस्त्रींनी तो घालून दिला होता. दोघांनी वेगवेगळं ऐकायचं, एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही, खडूनं आपापल्या तळहातावर लिहायचं आणि मग दोघांनी मुठी एकदम उघडायच्या. हात जुळले तरच इंजिन खोलायचं. मगन मिस्त्री म्हणायचे, आधी बोलणारा दुसऱ्याचा कान खराब करतो.

नाना निवृत्त झाले आणि त्यांना कुणी काही ऐकायला सांगेनासं झालं. देवपुरातल्या घरी ते आणि बेबाबाई दोघंच. मग वरच्या खोल्यांत भूपेंद्र आणि त्याची बायको दिपमाला राहायला आले.

भूपेंद्रनं त्याआधी बारा वर्षं लग्नांच्या डीजेवर काम केलेलं. शिरपूर, चोपडा, एरंडोल, जिथं वरात तिथं हा, माणूसभर उंचीच्या स्पीकरांच्या भिंतीला पाठ लावून उभा. आता ते सोडून त्यानं अहिराणी गाणी रेकॉर्ड करायला घेतली होती. वरच्या आतल्या खोलीच्या भिंतींना बेबाबाईंच्या जुन्या गोधड्या ठोकल्या, खिडकी बुजवली, एक कॉम्प्युटर आणि एक माइक मांडला. गाणारी पोरं-पोरी येत. त्यांचं गाणं, वर ढोल, बेंजो, झांज, हे सगळं एकत्र बसवायचं काम तो एका मोठ्या काळ्या हेडफोनवर करी. हेडफोन जुना घेतलेला होता, पण भारी होता. त्याच्या कानावरच्या गाद्यांचं चामडं सुटलेलं. काम करून खाली आला की त्याच्या कानशिलांना काळे कपटे चिकटलेले असत.

"काय रे भूपेंद्र," बेबाबाई म्हणायच्या, "लोके डोयाले काजय लावतस, तू कानले लावस का?"

तो हसायचा आणि कानशिलं पुसायचा.

मग त्यानं पार्सलनं नव्या गाद्या मागवल्या. त्या बसवल्या आणि जिन्यावरून हाक मारली, "नाना, जरा वर या. तुमना कान पाहिजे."

तुमचा कान पाहिजे, हे शब्द नानांनी नऊ-दहा वर्षांत ऐकले नव्हते. ते गुडघ्यांवर हात ठेवत जिना चढले. भूपेंद्रनं आधी फाटक्या गाद्यांवर गाणं ऐकवलं, मग नव्यांवर. फाटक्या गाद्या कानाला नीट बसत नव्हत्या, फटीतून ढोलाचा सगळा भरीवपणा निसटून जात होता. नव्या गाद्यांत ढोल छातीत आल्यासारखा वाजला.

"फरक पडना ना, नाना?"

"पडना. चांगला पडना."

ते अगदी खरं होतं. पुढचा सगळा घोटाळा त्या खरेपणामुळेच झाला, असं नानांना आता वाटतं.

दोन महिन्यांनी वायर आली. चांदीचं पाणी दिलेली, वेणीसारखी गुंफलेली, लाल. आधीची वायर कुठं तुटली नव्हती, खरखरत नव्हती. भूपेंद्रचं म्हणणं, झांज दबून येते, ती या वायरनं मोकळी होईल. नानांनी डोळे मिटून ऐकलं. एकदा जुन्या वायरवर, एकदा लाल वायरवर. त्यांना काडीचाही फरक ऐकू आला नाही. वायरिंगचं काम त्यांनी जन्मभर केलेलं. वायर प्रवाह नेते किंवा नेत नाही, मधलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी विचार केला, आपलं वय अडुसष्ट. आपल्याला काय ऐकू येणार? याचा हा धंदा आहे, याला कळत असेल. आणि भूपेंद्र त्यांच्या तोंडाकडे असा बघत होता, जसं रिझल्टच्या दिवशी पोरगं बोर्डाकडे बघतं.

"फरक पडना ना?"

"हा," नाना म्हणाले. "जरा मोकयं वाटस."

त्या दिवशी खाली येताना आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलं नाही. आपले कान जुने झाले, एवढंच वाटलं.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी काही ना काही येत गेलं. मखमली गाद्या आल्या. मेंढीच्या कातड्याच्या आल्या. बारीक छिद्रांच्या, गार जेल भरलेल्या, उतरत्या जाडीच्या. सोन्याचं पाणी दिलेली पिन आली. आवाज स्वच्छ करणारी म्हणून एक छोटी डबी आली. प्रत्येक वेळी जिन्यावरून हाक आणि प्रत्येक वेळी नानांचा होकार. गादी बदलली की आवाज थोडा बदलायचा हे खरं. मखमलीत ढोल पातळ व्हायचा, कातड्यात जाड. पण भूपेंद्रला पाहिजे होती ती झांज कोणत्याच गादीत नव्हती. पंधरा दिवस तो खूश असायचा, मग पुन्हा कपाळाला आठ्या.

"तुमले बठ्ठाच, सगयाच चीजमा फरक पडस," बेबाबाई नानांना म्हणाल्या. "मनी भाजीमा काल मीठ नव्हतं, ते मात्र समजनं नही."

"तो विचारस म्हणून सांगस."

"तो विचारस म्हणून, का तुमले वर बलावस म्हणून?"

चहा पिऊन नाना अंगणात जाऊन बसले.

खुणा तशा पुष्कळ होत्या. दिपमाला नवऱ्याला हाक मारायची नाही, फरशीवर पाय आपटायची. नानांना वाटायचं, तो हेडफोन घालून बसलेला असतो म्हणून. नानांच्या मनगटावर आगारातल्या सोबत्यांनी निरोपाला दिलेलं बटणाचं घड्याळ होतं. त्यात दर तासाला, शिवाय बटण दाबलं की, बारीक टीटी वाजायचं. एकदा चहा पिता पिता ते भूपेंद्रच्या कानापासून हातभर अंतरावर वाजलं. बेबाबाईंनी वेळ बघितली, नानांनी बघितली, भूपेंद्र खारी चहात बुडवत राहिला.

आणि एकदा तो आपणहून बोलला होता. जिन्याच्या पायरीवर बसला होता, करंगळी कानात घालून हलवत होता.

"नाना, कानमा रातकिडा बसेल शे. थांबतच नही."

"थकवा व्हई," नाना म्हणाले. "दोन दिवस काम नको करू."

नाना त्या पायरीसमोरून अजूनही रोज जा-ये करतात.

मग चोपड्याचा हितेंद्र नावाचा गायक मोटारसायकलवरून तणतणत आला. त्याचं गाणं नुकतंच बाहेर पडलं होतं. "भूपेंद्रभाऊ, गाणं कानात टोचतंय. झांज वाजवली का सुया?" भूपेंद्रनं त्याच्या मोबाइलला दोष दिला. हितेंद्र म्हणाला, मोबाइल बदलून पाहिला, लोकांनी मोबाइलवर गाण्याखाली लिहिलंय की डोकं दुखतं. भूपेंद्रनं आवाज चढवला. हितेंद्र चहा न घेता गेला.

त्याच महिन्यात गल्लीत हळदीचा कार्यक्रम होता. स्पीकरवर भूपेंद्रनं बसवलेलं एक गाणं लागलं. झांज वाजली आणि ओट्यावरच्या बायकांनी पदर कानावर घेतला. एकाहत्तर वर्षांच्या कानातही लोखंडावर लोखंड घासावं तसं ते गेलं. नाना मांडवात उभे राहिले, हातात पत्रावळ तशीच. आगारात एक मेकॅनिक होता, त्याला इंजिनातला आवाज ऐकू येईना म्हणून तो रेस वाढवत राहायचा. बाकीचे ओरडायचे, अरे पुरे, आणि तो म्हणायचा, आवाज येतच नाही. भूपेंद्र झांज वाढवत होता, कारण ती त्याला ऐकू येत नव्हती. गादी, वायर, पिन, डबी, कशाचाच दोष नव्हता.

नानांना कळलं. कळूनही ते पाच महिने गप्प राहिले. दोन-तीनदा जिना अर्धा चढले आणि उतरले. काय सांगणार? तुला ऐकू येत नाही, असं? मग तो विचारेल, नाना, तुम्ही तर फरक पडला म्हणाला होता. आणि आपली चूक असेल तर? आपण डॉक्टर थोडेच आहोत. असं करत होळी आली, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला माहेरी जाऊन आलेल्या दिपमालानंच एक दिवस जिन्याशी नानांना गाठलं.

"नाना, ते अजून एक वायर मागवणार आहेत. फार महाग आहे. आता गायकही दोघंच येतात." ती पदराशी चाळा करत होती. "तुम्ही सांगा ना त्यांना. ते तुमचंच ऐकतात."

नाना त्या दुपारी खडूचा तुकडा घेऊन वर गेले.

"भूपेंद्र, आपण आगारासारखं करू," ते म्हणाले. "तू भिंतकडे तोंड कर. मी मागून वायर बदलसू. कधी जुनी, कधी लाल. तू हातवर लिही. बोलानं नही."

भूपेंद्रला गंमत वाटली. तो गोधडीकडे तोंड करून बसला. नानांनी दहा वेळा वायर काढली-घातली, कधी बदलली, कधी तीच पुन्हा लावली, आणि आपल्या हातावर खुणा केल्या. दोघांनी हात उघडले. चार बरोबर, सहा चूक.

"वायर नापास," भूपेंद्र हसून म्हणाला, पण हसणं ओठांपुरतंच होतं. "मग गाद्या?"

नानांनी पहिल्या फाटक्या गाद्या शोधून काढल्या. त्यानं त्या टाकल्या नव्हत्या. फाटक्या आणि नव्या, अशा पाच वेळा बदलल्या. त्या त्यानं पाचही वेळा ओळखल्या.

"पाह्य नाना, गाद्या पास. गादी धड पाहिजे, बाकी बठ्ठा नुसता शौक."

"आता एक शेवटलं," नाना म्हणाले. "हेडफोन काढ. तोंड भिंतकडेच राहू दे. काही वाजनं तर हातवर लिही."

त्यांनी घड्याळ मनगटावरून काढलं, त्याच्या उजव्या कानामागे धरलं आणि बटण दाबलं. टीटी, टीटी, टीटी. मग डाव्या कानामागे धरलं. दारात उभ्या दिपमालानं तोंडावर पदर घेतला. नानांनी हातावर लिहिलं.

"व्हयनं का सुरू?" भूपेंद्रनं भिंतीकडे बघतच विचारलं.

"व्हयनं," नाना म्हणाले. "वळ."

तो वळला. नानांनी हात उघडला. तळहातावर लिहिलं होतं, दोनदा वाजलं. भूपेंद्रचा हात कोरा होता. त्यानं नानांच्या हाताकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग दिपमालाकडे. तिनं हो म्हणून मान हलवली. त्यानं घड्याळ घेतलं, स्वतः बटण दाबलं आणि कानाला लावलं. बराच वेळ लावून बसला. नंतर त्यानं ते नानांच्या मनगटावर स्वतःच बांधून दिलं. पट्टा नीट बसला का ते बोटानं पाहिलं.

कानाच्या डॉक्टरांकडे नाना सोबत गेले होते. काचेच्या खोलीत बसवून तपासलं, कागदावर एक रेघ निघाली. ती सरळ चालत येऊन एका जागी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. डॉक्टर चांगले होते, सावकाश बोलत होते. मोठ्या आवाजानं गेलेलं आता येत नाही, ते म्हणाले. कानात आवाज सुरू झाला तेव्हाच आला असतात, हेडफोन मोठ्यानं लावणं थांबवलं असतंत, तर आज उरलंय त्याहून बरंच जास्त उरलं असतं. नंतर त्यांनी विचारलं, कानात आवाज कधीपासून आहे?

"दोन वरीस व्हयनात," भूपेंद्रनं सांगितलं. त्यानं नानांकडे पाहिलं नाही. नाना भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होते.

घरी आल्यावर जिन्यात तो थांबला. नाना दोन पायऱ्या खाली होते.

"नाना, एक सांगा. ती लाल वायर उनी तधय तुमले खरंच फरक ऐकू उना व्हता?"

नाना एक पायरी चढून त्याच्यासमोर आले.

"नही," ते म्हणाले. "माले वाटनं, मनाच कान गयात."

भूपेंद्रनं मान डोलावली. "मनंबी तसंच व्हतं," तो म्हणाला. "माले वाटनं, तुमले ऐकू येस, म्हणजे व्हईच." मग तो वर गेला. त्यानं एवढंच म्हटलं. तो रागावला असता, ओरडला असता, तर नानांना सोपं गेलं असतं.

गाणी बसवण्याचं काम त्यानं बंद केलं. कॉम्प्युटर आणि माइक हितेंद्रच घेऊन गेला, या खेपेला चहा पिऊन. दिपमालाच्या भावाचं शिरपूरला फवारणी पंपांचं दुकान होतं, तिथं तो कामाला जाणार होता. पंप दुरुस्त करायला कान लागत नाहीत, असं तो बेबाबाईंना म्हणाला. त्यांनी त्या दिवशी त्याची थट्टा केली नाही, भरीत-भाकर बांधून दिली. त्याला ती आवडते म्हणून नव्हे. घरात वांगी होती म्हणून. आवडते हे तेव्हा कुठं माहीत होतं?

शिरपूरला गेल्यावर फोन दिपमालाच करायची. भूपेंद्र मागे असायचा, पण फोनवर यायचा नाही. त्याला फोनवर शब्द फुटके ऐकू येतात, असं ती म्हणायची. नानांनाही बरं वाटायचं की तो येत नाही. आला तर काय बोलायचं, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ठरवू, ठरवू म्हणता आठ महिने गेले. माघ उजाडण्याआधी एका सकाळी दिपमालाच्या भावाचा फोन आला.

तेराव्याहून आल्यावर नानांनी कपाटातला मिठाईचा खोका काढला. त्यात हेडफोन आहे, लाल वायर आहे आणि गाद्यांचे सात जोड आहेत. भूपेंद्रनं जाताना तो त्यांना दिला होता. नाना कधीमधी हेडफोन कानावर ठेवतात. त्याला काही जोडलेलं नसतं. चांगल्या गाद्यांत बाहेरचं सगळं बंद होतं, रस्ता, बेबाबाईंची भांडी, सगळंच.

खोका दिला तो दिवस वैशाख-अखेरच्या उन्हाचा होता. दारात टेम्पो उभा होता, वर अंथरुणं, कॉट आणि भिंतीवरून उतरवलेल्या गोधड्या. इंजिन सुरू झालं, त्यात टॅपेट वाजत होतं. ते नानांना लगेच कळलं. भूपेंद्रला कळलं की नाही, कोण जाणे. दिपमाला आधीच आत बसली होती. तो दाराशी थांबला, खोका नानांच्या हातात दिला आणि झाकण नीट दाबून बसवलं.

"नाना, गाद्या उनमा ठेवू नका. चामडी सुटी जास."

"नही ठेवत. तू पोचना की फोन कर."

"करसू. पण तुम्ही जोरमा बोलज्यात, माले नीट ऐकू येत नही."

"बोलसू," नाना म्हणाले.